प्रोफेसर ऑग्युस्त पिकार यांचें चरित्र

आमच्या फणसवाडींतून समुद्र फार दूर नाहीं. गिरगांवची चौपाटी थोड्याच वाटेवर आहे, व ओहोटीच्या वेळीं तेथील वाळूवरून लहान मुलेंही निर्भयपणें बरींच आंत चालत जातात. परंतु या उथळ पाण्यावरून समुद्राच्या खऱ्या खोलीची कल्पना करूं नये. हाच अरबी समुद्र किनारा सोडून शेंकडों मैल गेल्यावर कित्येक ठिकाणीं चार हजार मीटरांहून अधिक खोल होतो; आणि पॅसिफिक महासागरांत मारियाना बेटांजवळ जी दरी आहे, तिचा तळ पाण्याखालीं सुमारें अकरा हजार मीटरांवर आहे. हिमालयाचें सर्वांत उंच शिखर उचलून तींत ठेविलें तरी त्याच्या माथ्यावर दोन हजार मीटर पाणी उरेल. अशा ठिकाणीं मनुष्यानें जिवंत उतरावें व जिवंत परत यावें, याची रीति ज्या पुरुषानें शोधून काढिली, त्या प्रोफेसर ऑग्युस्त पिकार यांचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों. जे वाचक समुद्रापासून दूर, घांटावरच्या खेड्यांत राहतात, त्यांनींही तें वाचावें. कारण त्यांतील मुख्य गोष्ट समजण्यास समुद्र पाहिलेला असण्याची जरुरी नाहीं, गांवची विहीर पाहिलेली असली म्हणजे पुरे.

पिकार यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील बाझेल शहरीं तारीख 28 जानेवारी 1884 रोजीं झाला. त्यांच्याबरोबरच त्यांचे जुळे बंधु झां यांचाही जन्म झाला. वडील झ्यूल पिकार हे बाझेलच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राचे प्रोफेसर होते. त्यामुळें शास्त्राची गोडी दोघां भावांस घरींच लागली. पुढें दोघेही झूरिच येथील प्रसिद्ध तंत्रविद्यालयांत शिकले. ऑग्युस्त यांनीं यंत्रशास्त्र घेतलें व झां यांनीं रसायनशास्त्र. 1915 सालीं दोघांनीं स्विस सैन्याच्या बलून-पथकांत काम केलें. 1922 सालीं ऑग्युस्त यांची बेल्जम देशाच्या राजधानींत, ब्रुसेल्स येथील विद्यापीठांत, पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसराच्या जागीं नेमणूक झाली, व ती जागा त्यांनीं 1954 पर्यंत सांभाळिली. उंच, सडपातळ बांधा, लांब मान, विरळ होत चाललेले केंस व डोळ्यांवर चष्मा, अशी त्यांची आकृति असे. टिनटिनच्या चित्रकथा लिहिणाऱ्या एर्जे या चित्रकारानें आपल्या गोष्टींतील विसराळू प्रोफेसर त्यांच्याच रूपावरून काढिला. परंतु पिकार स्वतः विसराळू मुळींच नव्हते, हें पुढील हकीगतीवरून दिसून येईल.

झूरिच येथें शिकत असतां तरुण पिकार यांच्या हातीं एक पुस्तक आलें. कार्ल कून नांवाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें 1898 व 1899 सालीं ‘वाल्दिविया’ जहाजांतून अटलांटिक व हिंदी महासागरांत सफर करून खोल पाण्यांतील प्राण्यांचा शोध केला होता, त्याचें वर्णन त्यांत होतें. खोल सोडलेलीं जाळीं वर ओढलीं म्हणजे त्यांत विचित्र आकाराचे मासे सांपडत; कित्येकांच्या अंगीं स्वतःचा प्रकाश असे. पण वर येईपर्यंत ते बहुधा मेलेले किंवा मरणास टेकलेले असत. आपल्या देशाच्या समुद्रांतही त्या काळीं हेंच काम चाललें होतें. मुंबईच्या गोदींत बांधलेलें ‘इन्व्हेस्टिगेटर’ नांवाचें सरकारी मोजणीचें जहाज बंगालच्या उपसागराच्या व अरबी समुद्राच्या तळावरून जाळीं ओढीत असे, व त्यावरील डॉक्टर आल्फ्रेड ऑल्कॉक यांनीं त्यांत सांपडलेल्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिले. तथापि हें सर्व ज्ञान दोराच्या टोकाला बांधून वर आणिलेलें होतें. ज्यानें विहिरींत कधीं वांकून पाहिलें नाहीं, पोहऱ्यांत काय आलें तेवढेंच पाहिलें, त्यास विहिरीची जितकी माहिती, तितकीच समुद्राची माहिती मनुष्यास होती.

मग मनुष्यानें स्वतःच खालीं कां उतरूं नये? यांत मोठी अडचण पाण्याच्या भाराची आहे. पाण्याखालीं दर दहा मीटर उतरलें म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारें एक किलो भार वाढतो. शंभर मीटरांवर दहा किलो. हजार मीटरांवर शंभर किलो, म्हणजे धान्याचें एक भरलेलें पोतें एका नखावर उभें केल्याप्रमाणें. हा भार वरूनच येतो असें नाहीं. तो सर्व बाजूंनीं सारखाच दाबतो. त्यांत मनुष्याचें शरीर टिकावयाचें नाहीं. म्हणून त्यास जाड पोलादाच्या गोल कोठडींत बसविलें पाहिजे, कारण चोहोंकडून येणारा भार सोसण्यास गोल आकारासारखा दुसरा आकार नाहीं. परंतु अशी कोठडी इतकी जड होते कीं ती दगडाप्रमाणें बुडते, आणि आपण होऊन वर येत नाहीं.

यावर लोकांना सुचलेला उपाय पोहऱ्याचाच होता. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बीब व त्यांचे सोबती ओटिस बार्टन हे तारेच्या दोरास टांगलेल्या पोलादी गोलांत बसून 1934 सालीं बर्म्युडा बेटाजवळ 923 मीटर खालीं गेले. त्यांच्या धैर्याची तारीफ करावी तितकी थोडीच. परंतु दोर जसजसा लांब सोडावा तसतसें दोराचेंच ओझें दोरास भारी होतें, आणि वरचें जहाज लाटेवर हेलकावलें कीं खालच्या गोलास हिसका बसतो. विहिरींत दोर तुटला तर पोहरा तळाशीं जातो, हें घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. तो काढण्यास गळ असतो. समुद्राच्या तळाशीं पडलेल्या माणसांस काढण्यास तेव्हां कोणताच गळ नव्हता.

पिकार यांचा विचार यापेक्षां निराळा होता, व तो त्यांना विद्यार्थिदशेंतच सुचला होता. त्यांनीं ठरविलें कीं दोर बळकट करण्याच्या नादीं लागूं नये, दोरच नसावा. बलून आकाशांत जातो तो कांहीं दोरानें टांगलेला नसतो. हवेहून हलका वायु भरलेली मोठी पिशवी जड पाळण्यास वर नेते. वर चढावयाचें असल्यास वाळूचीं पोतीं टाकितात, उतरावयाचें असल्यास थोडा वायु सोडून देतात. तीच व्यवस्था पाण्यांत कां करूं नये? माणसांच्या जड पोलादी गोलावर एक मोठें पातळ पत्र्याचें पिंप बसवावें, व त्यांत पाण्याहून हलका असा पदार्थ भरावा. यासाठीं त्यांनीं पेट्रोल निवडलें. आमटीवर तेलाचा तवंग तरंगतो त्याप्रमाणें पेट्रोल पाण्यावर तरंगतें, आणि भाराखालीं तें वायूप्रमाणें आकसून नाहींसें होत नाहीं. पिंपाच्या तळाशीं एक वाट मोकळी ठेविली कीं आंत व बाहेर भार सारखाच राहतो, म्हणून पातळ पत्राही चेंबत नाहीं. खालीं जाण्यासाठीं कांहीं टांक्यांत पाणी भरून घ्यावें, व वर येण्यासाठीं सोबत नेलेले लोखंडाचे बारीक छर्रे टाकून द्यावे.

या छर्ऱ्यांची योजना पिकार यांनीं कशी केली तें वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. छर्रे ज्या कोठींत असत तिला खालीं दार नव्हतें. तोंडाशीं विजेवर चालणारें लोहचुंबक असे, व तेंच छर्ऱ्यांना धरून ठेवी. वीज बंद केली कीं छर्रे गळूं लागत. आतां कोणी म्हणेल कीं खोल समुद्रांत वीजच बिघडली तर काय? तर छर्रे आपोआप पडतील, आणि नौका आपोआप वर येईल. सामान्यतः यंत्र बिघडलें कीं मनुष्यावर संकट येतें. पिकार यांनीं आपलें यंत्र असें रचिलें कीं त्यांत बिघाड झाला तर तो बिघाडच मनुष्यास घराकडे नेईल.

हा विचार अमलांत येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि मध्यंतरीं तोच विचार त्यांना उलट दिशेस घेऊन गेला. अंतराळांतून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करण्यासाठीं त्यांना अतिशय उंच जावयाचें होतें. तेथील हवा इतकी विरळ कीं उघड्या पाळण्यांतील मनुष्य मरावयाचाच. तेव्हां समुद्रासाठीं मनांत योजिलेली बंद गोल कोठडी त्यांनीं ॲल्युमिनियमची बनविली व बलूनास टांगली. आंत प्राणवायु सोडण्याची व उच्छ्वासाचा दूषित वायु शोषून घेण्याची व्यवस्था केली. तारीख 27 मे 1931 रोजीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथून पॉल किप्फर या साहाय्यकासह ते निघाले. निघतांच कोठडीस एक भोंक पडलेलें आढळलें व हवा बाहेर जाऊं लागली. पिकार यांनीं व्हॅसलीन व तागाचे धागे यांचा लगदा भोंकांत कोंबून तें बुजविलें. बलून 15,781 मीटर उंचीवर पोंचला; इतक्या उंच त्यापूर्वीं कोणीही मनुष्य गेलेला नव्हता. परंतु वायु सोडण्याची दोरी अडकली, आणि खालीं येतां येईना. सूर्याच्या तापानें कोठडी भट्टीसारखी झाली व पिण्याचें पाणी संपत आलें. संध्याकाळीं थंडी पडून वायु आकसला तेव्हां कोठें ते उतरूं लागले, व रात्रीं ऑस्ट्रियांतील आल्प्स पर्वताच्या बर्फावर सुखरूप टेकले. खालीं लोकांनीं त्यांची आशा सोडली होती. पुढील वर्षीं, 18 ऑगस्ट 1932 रोजीं, ते माक्स कोसिन्स यांच्याबरोबर पुन्हां चढले व 16,201 मीटरांपर्यंत गेले. आज विमानांत हजारों लोक हिमालयाहून उंच बसून सुखानें जेवतात व झोंपतात तें अशाच बंद, हवेनें भरलेल्या कोठडीच्या योगानें होय.

कीर्ति मिळाली, आणि आतां विश्रांति घेतली असती तरी कोणी बोल लाविला नसता. परंतु पिकार पुन्हां समुद्राकडे वळले. 1937 सालीं त्यांनीं नौकेचें काम हातीं घेतलें. लवकरच महायुद्ध सुरू झालें व काम थांबलें. युद्ध संपल्यावर बेल्जमच्या शास्त्रीय निधीच्या साहाय्यानें पहिली नौका तयार झाली. तिला त्यांनीं ग्रीक शब्द जोडून बॅथिस्काफ असें नांव दिलें. त्याचा अर्थ खोल पाण्यांतील होडी. 1948 सालीं ती जहाजावर चढवून आफ्रिकेच्या पश्चिमेस केप व्हर्डी बेटांकडे नेण्यांत आली. 26 ऑक्टोबर रोजीं पिकार व फ्रेंच शास्त्रज्ञ तेओदोर मोनो तींत बसून 25 मीटर खालीं जाऊन आले. नंतर खोल पाण्याच्या परीक्षेसाठीं तिला माणसांवांचून सोडण्यांत आलें, व ठरल्या वेळीं छर्रे टाकावयास आंत घड्याळ बसविलें. नौका 1,380 मीटर खालीं गेली, आणि कोणाच्याही हाताशिवाय आपण होऊन वर आली.

येथपर्यंत सर्व ठीक झालें. परंतु वर येतांच समुद्र खवळलेला होता. पिंपांतील पेट्रोल जहाजांत परत घेतां येईना. पातळ पत्र्याचें पिंप लाटांनीं चेंबून फाटलें, व शेवटीं सारें पेट्रोल समुद्रांत सोडून द्यावें लागलें. ही बातमी युरोपांत पसरली तेव्हां वर्तमानपत्रांनीं थट्टा केली. चौसष्ट वर्षांचा एक प्रोफेसर, पुष्कळांचा पैसा, आणि मनुष्य उतरला किती, तर 25 मीटर! ही थट्टा सोसणें आकाशांतील उष्णतेपेक्षां सोपें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आकाशांत जीव धोक्यांत होता. येथें चाळीस वर्षांचा विचार धोक्यांत होता. पिकार यांनीं मात्र मोडलेल्या नौकेकडे शांतपणें पाहिलें व दोन गोष्टी निराळ्या केल्या. माणसांचा गोल शाबूत होता. खोल पाण्यानें त्यास कांहीं केलें नव्हतें. मोडलें होतें तें वरचें पिंप, आणि मोडलें होतें तें पाण्याच्या पृष्ठभागावर. म्हणजे तत्त्व खरें होतें. नौका लाटांत ओढून नेण्याजोगी बळकट नव्हती, एवढेंच.

यानंतर ती नौका फ्रेंच आरमाराकडे गेली. तिचा गोल घेऊन नवी नौका बांधण्याचें ठरलें, पण कामांत मतभेद होऊन पिकार बाजूस झाले. अशा वेळीं त्यांचे पुत्र झाक पुढें आले. झाक हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. एका अभ्यासानिमित्त ते त्रिएस्त शहरीं असतां तेथील लोकांनीं पित्यापुत्रांस आपल्याकडे नौका बांधण्याचा आग्रह केला. झाक यांनीं अर्थशास्त्र सोडलें व पित्याच्या कामास आपणांस वाहून घेतलें. गोल तेर्नी येथील कारखान्यांत घडविला गेला. मागचा ओतीव होता, हा ठोकून घडविलेला, म्हणून अधिक बळकट. खिडक्यांस कांच न लावतां प्लेक्सिग्लास नांवाचा पारदर्शक पदार्थ बसविला. खिडकीचा आकार बुचासारखा, बाहेर रुंद व आंत अरुंद; त्यामुळें पाण्याचा भार जितका अधिक, तितकी ती आपल्या जागीं घट्ट बसे. नौकेचें नांव शहरावरून ‘त्रिएस्त’ असेंच ठेविलें, व नेपल्सजवळ 1 ऑगस्ट 1953 रोजीं ती पाण्यांत सोडली.

तारीख 30 सप्टेंबर 1953 रोजीं पोंझा बेटाजवळ पितापुत्र तींत बसले. पिता एकुणसत्तर वर्षांचे, पुत्र एकतीस वर्षांचा. दार बंद झालें. खिडकीबाहेरचें पाणी निळें, मग काळसर, मग अगदीं काळें झालें. कोणताही दोर त्यांना वरच्या जगाशीं बांधीत नव्हता. खालीं जातां जातां पेट्रोल थंडीनें व भारानें किंचित् आकसतें, म्हणून नौका अधिकाधिक जड होते. तेव्हां मधून मधून थोडे छर्रे टाकून वेग आवरावा लागतो. अशा रीतीनें ते 3,150 मीटरांवर तळास टेकले. कळसूबाईचें शिखर 1,646 मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी त्यांच्या डोक्यावर होतें, आणि गोलाच्या प्रत्येक नखाएवढ्या भागावर तीन पोत्यांहून अधिक भार होता. त्यापूर्वीं मनुष्य इतका खोल कधींच गेला नव्हता. नंतर त्यांनीं छर्रे सोडले व नौका वर आली. विद्यार्थ्यानें पाहिलेलें स्वप्न म्हाताऱ्यानें आपल्या डोळ्यांनीं खरें झालेलें पाहिलें.

आपला एकुलता मनोरथ सिद्ध करण्यासाठीं पिकार यांनीं पोटच्या मुलास अशा ठिकाणीं न्यावें हें योग्य काय, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, त्यांनीं आधीं नौका रिकामी सोडून पाहिली होती, मग उथळ पाण्यांत स्वतः बसून पाहिली, मग हजार मीटरांवर, आणि त्यानंतरच तीन हजारांवर. ज्या जागीं पुत्रास बसविलें त्या जागीं ते स्वतः शेजारीं बसले होते. याला अविचार म्हणतां येत नाहीं.

पुढें 1958 सालीं ‘त्रिएस्त’ अमेरिकन आरमारानें विकत घेतली व तिला त्याहूनही जाड गोल बसविला. तारीख 23 जानेवारी 1960 रोजीं झाक पिकार व लेफ्टनंट डॉन वॉल्श हे मारियाना दरीच्या सर्वांत खोल भागांत उतरले. जवळजवळ पांच तास ते खालींच जात होते. वाटेंत मोठा कडाड् आवाज झाला. प्रवेशाच्या वाटेवरील एका खिडकीस तडा गेला होता. गोलास मात्र कांहीं झालें नाहीं. 10,916 मीटरांवर नौका तळाच्या बारीक चिखलावर बसली, व वीस मिनिटें थांबून सुमारें सव्वातीन तासांत परत आली. त्या तळाशीं आपण एक चपटा मासा पाहिला असें झाक यांचें म्हणणें होतें. पुढील शास्त्रज्ञांस तें मान्य नाहीं, कारण इतक्या खोलीवर मासे जगत नाहींत असें आतां दिसून आलें आहे. त्या जागीं मनुष्य पुन्हां गेला तो 2012 सालीं, बावन्न वर्षांनंतर.

वृद्ध प्रोफेसर त्या प्रसंगीं नौकेंत नव्हते; पण नौकेंतील प्रत्येक मुख्य योजना त्यांची होती. यानंतर दोन वर्षांनीं, 24 मार्च 1962 रोजीं, स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं त्यांचें देहावसान झालें. जुळे बंधु झां यांनींही 1934 सालीं आपल्या पत्नीसह बलूनांतून 17 हजार मीटरांवर आरोहण केलें होतें. त्यांचें निधन 28 जानेवारी 1963 रोजीं, म्हणजे दोघां भावांच्या जन्मदिवशीं झालें. ऑग्युस्त यांचे नातू बर्ट्रांड यांनीं 1999 सालीं बलूनांत बसून, वाटेंत कोठेंही न उतरतां, पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आतां हें कार्य आपल्या देशासही जवळचें झालें आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनें ‘मत्स्य 6000’ नांवाची नौका हातीं घेतली आहे; तिघांस 6,000 मीटर खोल नेण्याचा तिचा उद्देश आहे. माणसांसाठीं तींतही गोलच आहे, टायटॅनियम धातूचा. 2025 च्या आरंभीं तिची बंदरांतील उथळ पाण्यांत परीक्षा झाली. आधीं उथळ, मग खोल, हा पिकार यांचाच क्रम होय. तो क्रम व ती सावधगिरी सोडली म्हणजे काय होतें तेंही जगानें पाहिलें आहे. जून 2023 मध्यें ‘टायटॅनिक’ जहाजाचे अवशेष पाहण्यास निघालेली एक नौका अटलांटिक महासागरांत भाराखालीं चिरडून गेली. तिचा आकार गोल नव्हता, लांबट नळीसारखा होता. आणि तिच्या बांधणीबद्दल जाणत्यांनीं आधींच धोक्याची सूचना दिली होती. आंतील पांचही जण मरण पावले, व त्यांत एक पिता आणि त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा हेही होते. पोंझा बेटाजवळ उतरलेले पितापुत्र परत आले आणि हे आले नाहींत, याचें कारण केवळ दैव होय असें आम्ही म्हणणार नाहीं.

धाडसी पुरुषांचीं चरित्रें वाचून तरुणांचीं मनें उचंबळतात, व तें चांगलेंच आहे. परंतु पिकार यांच्या चरित्रांत धाडसाहून मोठी गोष्ट ही कीं, त्यांनीं आपल्या चुकीची शक्यता आधींच मनांत धरून ठेविली होती. यंत्र बिघडेल, वीज जाईल, हात चालणार नाहीं, हें सर्व त्यांनीं घरीं बसून पाहिलें, आणि मग दार लावून खालीं गेले. आमच्या तरुण वाचकांपैकीं कोणी पुढें विहीर खणील, कोणी पूल बांधील, कोणी मोटार चालवील, कोणी खरोखरच समुद्रांत उतरेल. त्यानें आरंभ करण्यापूर्वीं एवढेंच स्वतःस विचारावें, कीं माझ्या हातून कांहीं बिघडलें तर माझ्या भरंवशावर बसलेलीं माणसें खालीं जातील कीं वर येतील?